कुंभकर्णाच्या पुढचा माणूस

जव्हार, १९ जानेवारी २०२५

रोहिदास,

"तू नुसता ये, बा. मी हाय ना पुढं."

हे तू म्हणालास तेव्हा तुझा आवाजही फुटला नव्हता. बाच्या डोक्यावर कुंभकर्णाचा मुखवटा बांधून झाला होता, संबळ कडाडत होता आणि बा जागचा हलत नव्हता. त्याच्यापुढे चालणारा काका त्याच वर्षी गेला होता. पुढे चालायला पहिल्यांदाच तू उभा राहिला होतास, बाच्या कमरेला लागशील एवढा. मी ओट्यावर बायकांमध्ये होते. तुझं वाक्य ऐकून सगळ्या हसल्या. बा हसला की नाही ते मुखवट्यामुळे कळलं नाही, पण तो चालायला लागला.

त्यानंतर तू बरंच काही बोलला असशील, मीटिंगांमध्ये, इंग्रजीत. बाला तुझं हे एकच वाक्य पाठ आहे. हल्ली तो ते शेजारच्या भागीला ऐकवतो, कोंबड्यांना ऐकवतो, मी गेले की मला ऐकवतो.

'प्रिय' लिहिलेलं नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. फोन तू उचलत नाहीस म्हणून पत्र. तेही ऑफिसच्या पत्त्यावर. घरी आलं तर दीप्ती पाकीट उलटं करून पाठवणाऱ्याचा पत्ता वाचेल, आणि बायकोला तू नाशिकचा असल्याचं सांगितलंयस. बघ, अजूनही तुझी सोय मीच बघते.

कामाचं सांगते. यंदा आपल्या पाड्याचा बोहाडा होळीनंतरच्या शनिवारी आहे. तू विसरला असशील, म्हणून वर्गात सांगते तसं सांगते. देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून एकेक जण देवीपर्यंत नाचत जातो. त्या मुखवट्याला सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुठल्या घराचं ते ठरलेलं असतं. कुंभकर्ण आपल्या घराचा. झोपेतून उठवलेला म्हणून त्याचे डोळे मिटलेलेच रंगवलेत, बघायला भोकं नाहीत. म्हणून त्याच्याकडे तोंड करून, त्याचे हात धरून, घरचा एक माणूस उलटा चालतो. तुझं लग्न झालं तेव्हापासून आपल्याकडे तो माणूस नाही आणि सोंग पेटीत पडून आहे. यंदाही निघालं नाही तर पंच ते दुसऱ्या घराला देणार. बैठकीत बाने मान डोलावली. घरी येऊन पेटीवर बसून राहिला, जेवायलाही उठला नाही.

त्याला आता आकृती दिसते, चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, बा, डोळे गेले, आता कसला नाचतोस?

"त्या सोंगाला तरी डोळे कठं हायेत?" तो म्हणाला. "आंधळ्याचंच काम ते. पुढचा तेवढा लागतो."

तर, येशील का? एवढंच विचारायचं होतं.

माझं म्हणशील तर शाळा चालू आहे. त्याशिवाय एक नवं काम धरलंय, ते ऐकून तुला माझी लाज वाटेल. वाटू दे, मला तुझी वाटते, फिट्टंफाट. दाभोशाच्या रस्त्याला परागने रिसॉर्ट काढलंय. कापडवाल्यांचा पराग, तुझ्याच वयाचा. गच्चीवर परमिट रूम आहे आणि तिथे दर शनिवारी क्विझ. ठाण्या-मुंबईचे लोक धबधबा बघून दमतात, मग बाटलीबरोबर त्यांना जनरल नॉलेज लागतं. ते प्रश्न मी लिहिते. शुक्रवारी फोनवरून पाठवून देते, स्वतः तिथे पाऊल टाकत नाही.

परागचा सिद्धान्त असा की बहुतेक उत्तरं आलीच पाहिजेत. गिऱ्हाइकाला आपण हुशार वाटलो की तो आणखी एक मागवतो, मूर्ख वाटलो की बिल मागवतो. शाळेत इतकी वर्षं मी नेमकं उलटं करत आले.

कमू


जव्हार, २ फेब्रुवारी

रोहिदास,

तुझं उत्तर नाही. माझ्या गिऱ्हाइकांपेक्षा तू हुशार निघालास. ते निदान ओरडून चुकीचं उत्तर तरी देतात.

तू विचारलं नाहीस, तरी सांगते, प्रश्न कसा लिहायचा ते. चार पर्याय द्यायचे. एक खरा. एक खऱ्याचा सख्खा भाऊ वाटेल असा. एक ज्याने पुस्तक वाचलंय पण अर्धंच, त्याच्यासाठी. चौथा विनोदी, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्यालाही हसण्याचा मान मिळतो. गेल्या शनिवारी जव्हारच्या उंचीवर प्रश्न होता. एका टेबलाने हिमालयाला शोभेल असं उत्तर दिलं आणि वर टाळ्या वाजवून घेतल्या. पराग सांगत होता, मोठ्या कंपनीतले साहेब होते. असतील. त्यांच्यासारख्यांच्या हाताखाली बसून तुला नाशिकचं व्हावंसं वाटलं, याचंच मला जास्त हसू येतं.

परागला आता 'जव्हार स्पेशल' फेरी हवी आहे. "मॅडम, लोकल काहीतरी टाका. फन पाहिजे, पण थोडं डीप." वावर गावावर एक टाका म्हणाला, ते नाव लोकांना माहीत असतं. वावरला कुपोषणाने ती मुलं गेली तेव्हा मी आश्रमशाळेत शिकत होते. ताट पुढ्यात आलं की आम्ही सगळ्या गप्प व्हायचो. मी म्हटलं, वावरवर प्रश्न होणार नाही. त्याने कारण विचारलं नाही. म्हणून अजून त्याचं काम करते.

मागच्या रविवारी पाड्यावर गेले होते. तू कुरियरने पाठवलेलं पाय चोळायचं मशीन बघितलं. छान आहे. दोन पाय घालायला दोन खळगे आहेत, त्यांत दोन कोंबड्या अंड्यांवर बसल्या आहेत. भागी म्हणते, पिल्लं लवकर निघतील, साहेबांच्या मशीनची ऊब आहे. हीच भागी बाला दोन वेळा भाकर करून घालते, आणि सोंग आपल्याकडून गेलं तर तिच्याच सासरच्या घरी जाणार आहे. ती हे जाणून आहे, बा जाणून आहे, आणि दोघांचं त्यावरून काही अडत नाही. तुझं मात्र सगळंच अडतं.

बाने विचारलं, "लिवलंस का त्याला?"

"लिहिलं."

"मंग?"

"ऑफिस असतं बा त्याला."

"शनवारी पन?"

मी काही बोलायच्या आत भागी चुलीजवळून म्हणाली, "शनवारी साहेब लोकांची झोप असते, मामा. तुमच्या कुंभकर्णावानी." बा इतका हसला की त्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. मग म्हटलं, "बा, मी चालते तुझ्यापुढं."

"तुला येतंय का उलटं चालाया? शाळेत तुला सरळ चालाया शिकवलं."

"शिकेन."

"कोन शिकवंल? मला दिसत नाय, नि तो तिकडं."

तरी त्याने मला उभं केलं. माझ्या हातांत हात दिले आणि लगेच सोडवून घेतले. "मनगट नाय धरायचं. मनगट धरलं का मानूस कैदी होतो. कोपराच्या खाली धर." धरलं. "आता संबळ वाजतोय, बोललेलं ऐकू येत नाय. पायानं सांग. दगड आला का एकदा आपटायचा, पायरी आली का दोनदा." मी एकदा आपटला. तो म्हणाला, "कठं हाय दगड?" दगड नव्हताच. तो पुन्हा हसला, पण हात काढून घेऊन पेटीवर जाऊन बसला. मारुतीच्या देवळापासून देवीपर्यंत, सोंगाच्या वाटेत कुठे दगड आहे, कुठे पायरी, कुठे वाट डावीकडे खचते, हे त्याच्या पायांना ठाऊक आहे पण सांगता येत नाही. तुझ्या पायांना ठाऊक आहे. मी तर सगळी वर्षं ओट्यावरून वरचा मुखवटा बघितला. खाली तुझे पाय काय करत होते ते कुणी बघितलं?

ये, रोहिदास.

कमू


जव्हार, १६ फेब्रुवारी

रोहिदास,

तुझा मेसेज मिळाला. "मार्चएंड आहे. ऑडिट. जमणार नाही. बाबांना नीट समजाव. दुसरं कुणीतरी धरेल. टेक केअर." बाला 'बाबा' म्हटलेलं मी पहिल्यांदाच वाचलं. क्षणभर वाटलं, दुसऱ्याच कुणाच्या वडिलांबद्दल आहे.

एक प्रश्न तयार केलाय, रोहिदास बोहाड्याला का येणार नाही? अ) ऑडिट आहे. ब) बायकोला काय सांगायचं ते सुचत नाही. क) लग्नाला बापाला बोलावलं नव्हतं, आता त्याच्यासमोर तोंड करून एवढी वाट चालायची, तीही त्याचे हात धरून. ड) झोप. मी चौकटीतली शिक्षिका, एकच उत्तर बरोबर धरते. पण हा प्रश्न मला बाद करावा लागला, चारही बरोबर येतात.

"दुसरं कुणीतरी" बाला सांगून बघितलं. म्हटलं, भागीचा नवरा धरेल. बा म्हणाला, "तो चांगला हाय. पन त्याच्या पायावर माझा भरवसा नाय." मग विचारलं, "तो नाय म्हनला ना?" मी म्हटलं, अजून कळवलं नाही त्याने. खोटं बोलले. आपल्या घरात ते एकट्या तुलाच येतं असं समजू नकोस.

बाने पेटी उघडायला लावली नाही. बोहाडा जवळ आला की आधी मुखवट्याला ऊन दाखवतात, रंग उडाला असेल तर लावतात. सगळ्या पाड्यावर ओट्या-ओट्यांवर रावण, त्राटिका, खंडोबा वाळत बसलेत. आपल्या ओट्यावर मिरच्या.

इकडे परमिट रूममध्ये भांडण झालं. दोन टेबलं एका उत्तरावरून उठली, खुर्ची फेकली गेली. परागचं म्हणणं, पुढच्या शनिवारी मी तिथे असायला हवं, कुणी वाद घातला तर निकाल द्यायला. "मागे किचनपाशी बसा मॅडम, चटईचा पडदा आहे, कुणाला दिसणार नाही." मुख्याध्यापकांना कळलं तर माझं काय होईल याचा विचार करून मी नाही म्हणणार होते. मग वाटलं, बघावं तरी एकदा, कुणासाठी लिहितो आपण.

'जव्हार स्पेशल'साठी एक प्रश्न लिहिलाय. तुला वाचायला देते. "आमच्या भागातल्या एका पाड्यावर बोहाड्यात कुंभकर्णाच्या मुखवट्याला डोळ्यांची भोकंच नसतात. मग मुखवटा घालणारा चालतो कसा? अ) मुखवट्याच्या तोंडातून बघून. ब) रस्ता पाठ करून. क) घरचा माणूस त्याचे हात धरून पुढे उलटा चालतो. ड) मोबाइलवर नकाशा लावून."

तुला सोपा वाटेल. गिऱ्हाइकांना ब वाटेल. पाठ करणं हीच हुशारी असं त्यांना लहानपणापासून शिकवलंय. शिकवणाऱ्यांत मीही आहे.

कमू


जव्हार, २३ फेब्रुवारी

रोहित साहेब,

काल तुमच्या टेबलावर हेच नाव ऐकलं, म्हणून तेच लिहिते.

मी चटईच्या पडद्यामागे होते. आधी आवाज आला. "वेटर, पप्पांना साधं पाणी, फ्रिजमधलं नको." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. चटईच्या फटीतून बघितलं. तू, दीप्ती, तुझे सासरे. दीप्ती फोटोपेक्षा चांगली दिसते. सासऱ्यांना सगळे हरिभाऊ म्हणत होते, गुडघे धरून बसले होते आणि शेजारच्या टेबलावर ज्याला-त्याला सांगत होते, "आमचे जावई. नाशिकचे." तुमच्या टीमचं नावही त्यांनीच ठेवलं होतं, टीम नाशिक. मार्चएंडचं ऑडिट तू शनिवारी जव्हारच्या गच्चीवर करतोस हे मला माहीत नव्हतं.

सासऱ्यांनी बुकिंग केलं असणार, आणि नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. माझं शेवटचं पत्र तोवर पोहोचलं नसेल. तुला वाटलं, कमू तिथे पाऊल टाकत नाही, तिनेच लिहिलंय. म्हणजे माझी पत्रं तू वाचतोस. हे कळून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला.

पराग माइकवर आला. "लेडीज अँड जंटलमेन, जव्हार स्पेशल!" आणि माझा प्रश्न वाचला. गच्ची हसली. मागून कुणीतरी ओरडलं, "ब्लूटूथ!" हरिभाऊ म्हणाले, "रोहित, हे मुखवट्यांचं तुमच्या नाशिककडे असतं ना?"

"नाही पप्पा, आमच्याकडे नाही."

तेव्हा तुझा हात ग्लासवर होता आणि तो ग्लास तू उचललाही नाहीस, ठेवलाही नाहीस. प्रश्न कुणाचा आहे ते तुला कळलं होतं. दीप्ती म्हणाली, "क असेल. किती गोड आहे ते." आणि तू म्हणालास, "छे, प्रॅक्टिकल नाही. उलटं चालून कुणी गाव पार करतं का? ब. रस्ता पाठ असतो."

परागने उत्तर सांगितलं. दीप्तीने तुझ्या दंडावर चापटी मारली, "बघ, मी म्हणत होते!" तू हसून म्हणालास, "असल्या गोष्टी हे रिसॉर्टवाले बनवून सांगतात गं."

शाळेत माझ्यासमोर मुलं खोटं बोलतात, मला त्यांची कीव येते. तुझी आली नाही. मनात म्हटलं, संपलं. आता या माणसाला पत्र नाही, निरोप नाही, बा गेला तरी कळवणार नाही. किती स्वच्छ वाटलं तेव्हा! पाटी धुतल्यासारखं.

आणि वीज गेली.

परागचा जनरेटर सुरू होईना. त्या गच्चीचा जिना बाहेरून आहे, कठडा लावायचा पुढच्या सीझनला. सगळे मोबाइलचे दिवे काढून उतरायला लागले आणि त्या उजेडात पायऱ्यांपेक्षा सावल्याच जास्त दिसायला लागल्या. हरिभाऊ पहिल्या पायरीवर अडले. "मला काही दिसत नाही. मी नाही हलणार." दीप्ती घाबरली. पराग दोर आणतो म्हणाला, कशाला ते त्यालाच ठाऊक.

तू त्यांच्यापुढे गेलास, एक पायरी खाली. जिन्याकडे पाठ केलीस. त्यांचे दोन्ही हात धरलेस. मनगटं नाही, कोपराखाली.

"तुम्ही नुसते या, पप्पा. मी आहे पुढे."

मग उलटा उतरलास. मागे एकदाही बघितलं नाहीस. आणि प्रत्येक पायरीला, रोहिदास, प्रत्येक पायरीला तुझा पाय दोनदा आपटत होता. सासऱ्यांना वाटलं असेल, जावयाच्या पायाला मुंग्या आल्यात. खाली पोहोचल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. टीम नाशिकला त्या रात्रीचा तो एकच मार्क.

माझा फोन माझ्या हातात होता, मी त्याचा दिवा लावला नाही.

तुला नीट तुच्छ समजायची माझी पूर्ण तयारी झाली होती. तेवढंही तू नीट करू दिलं नाहीस. गाव विसरलेला असतास तर मी सोडून दिलं असतं. पण तू विसरलेला नाहीस. तू ते सगळं घेऊन गेलायस आणि दुसऱ्याच म्हाताऱ्यावर खर्च करतोयस. ते भले असतील. त्यांना पाणी फ्रिजमधलं लागत नाही हे तुला ठाऊक आहे. बाला हल्ली गरम पाणी लागतं, हे कुणी सांगितलं तुला?

कमू


जव्हार, २ मार्च

रोहिदास,

तुझा मेसेज आला, "प्लीज दीप्तीला काही कळवू नकोस." एवढा. मी वाट बघत होते की खाली आणखी काही येईल. दोन दिवस फोन जवळ ठेवून भांडी घासली.

नाही कळवणार. मला तिच्याशी काही वैर नाही. तिने क सांगितलं होतं.

बाला सांगायचं नाही असं ठरवून पाड्यावर गेले आणि बसल्या-बसल्या सांगून टाकलं. चीड होती, कुठेतरी ओतायची होती. म्हटलं, आला होता तुझा पोऱ्या, दाभोशाच्या रस्त्यापर्यंत. सासऱ्याला घेऊन. विचारलं तर म्हणाला, उलटं कुणी चालत नाही. आणि सासऱ्याला जिन्यावरून कसा उतरवला तेही सांगितलं, सगळं, शब्दाला शब्द. मला वाटलं, बा पेटीवर जाऊन बसेल.

त्याने विचारलं, "पाय आपटला का त्यानं?"

"आपटला."

"किती डाव?"

"दोनदा. दर पायरीला."

"बरोबर," बा म्हणाला. एखाद्याने पोराचा पहिला नंबर आल्याचं सांगावं, तसा त्याचा चेहरा झाला. "हात कठं धरलेले?"

"कोपराखाली."

"बरोबर." मग भागीला हाक मारली, "येसूला बोलव गं, पेटी जड हाय." येसू म्हणजे तिचा नवरा, ज्याच्या पायावर बाचा भरवसा नाही. त्याने पेटी उचलून ओट्यावर आणली. मिरच्या बाजूला सारून बाने कुंभकर्ण उन्हात ठेवला. एका गालाचा रंग गेलाय आणि डोळे तसेच मिटलेले. भागीने फडक्याने त्याचं नाक पुसलं, "उठा आता," म्हणाली.

मी तिथे बसून विचार करत होते, बाला राग का येत नाही? मी एवढं तिखट करून वाढलं होतं. त्याने त्यातलं तुझं चांगलं तेवढं उचललं आणि बाकीचं ताटात ठेवलं. हे त्याला कुणी शिकवलं, आणि मला का नाही शिकवलं?

पंचांना मी सांगून आलेय, बा सोंग घेणार, पुढे मी चालणार. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हातारे म्हणाले, घरचीच हाय ना, चालू दे, पडतील तर दोघं पडतील. याला ते परवानगी म्हणतात. मी म्हटलं, चालेल.

पण मला येत नाही, रोहिदास. शाळा सुटल्यावर मैदानात करून बघते. वाटेकडे पाठ करून मागे सरकते, पहिल्यांदा बोटं टेकवायची की टाच तेही कळत नाही. परवा झाडाच्या आळ्यात बसकण मारली. तुझे दाजी विचारतात, काही हरवलंय का? येसू वाट दाखवायला तयार आहे, पण तोही आजवर सोंगाच्या मागूनच चाललाय. आणि मला आता दुसरीच भीती वाटते. माझा पाय चुकला तर बा पडेल, ते तर आहेच. पण पाय बरोबर पडले तरी, तिथे पोहोचेपर्यंत त्याला कळणार की हे हात तुझे नाहीत. मुखवट्याच्या आत तो एकटा असेल आणि मला त्याचं तोंड दिसणार नाही.

म्हणून एक मागते. बोहाड्याला ये असं आता म्हणत नाही. बाला भेट असंही म्हणत नाही. तो दुपारी झोपतो, त्याला कळणारही नाही. एक दुपार ये. मारुतीपासून देवीपर्यंतची वाट, तू आणि मी, तिसरं कुणी नाही. मी डोळे मिटून उभी राहीन. तू माझे हात धर आणि पुढे हो, जिथे जेवढं आपटायचं तेवढं आपटत. एकदाच. बाला काय कळत होतं ते मला कळू दे, पुढचं माझं मी बघते. दीप्तीला सांग, नाशिकला जाऊन येतो. खोटंही पडणार नाही. पाडा मोखाड्याच्या बाजूला, आणि मोखाडा नाशिकच्या वाटेवरच आहे.

तू नाही म्हणशील, हे मी धरूनच चालले आहे. मेसेज येईल, जमणार नाही, टेक केअर. तरी पुढच्या रविवारी दुपारी मी मारुतीपाशी असेन.

काही आणू नकोस. काही बोलू नकोस. तू नुसता ये.

कमू